उंबऱ्यावरचं लिंबू

वळ, ता. भिवंडी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सौ. कमळा हिला,

काळूरामचा नमस्कार. बत्तीस वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, त्यामुळे बायकोला नमस्कार लिहितात की आशीर्वाद, हेही मला ठाऊक नाही. भाविकला विचारलं तर म्हणाला, पप्पा, व्हॉइस मेसेज टाका. टाकणार कुठे? तुझा फोन तू जाताना फ्रिजवर ठेवून गेलीस, तो अजून तिथेच आहे. मी रोज चार्ज करतो. कशाला, ते विचारू नकोस.

इकडे सगळं ठीक. पूर्वीनं परवा सुकट केली होती. सूनबाईंच्या हाताला तुझी चव नाही, पण हे तिला सांगू नकोस. आपल्या चार नंबरच्या गोडाऊनला नवीन भाडेकरू आला, त्याचे ट्रक सकाळपासून रस्ता अडवून बसतात. मागच्या भिंतीवर दोन कॅमेरे वाढवले, आता एकूण सोळा झाले. मी घरात कुठे शिंकलो तरी रेकॉर्ड होतं.

तुझी वाडी कशी आहे? भात कापून झालं असेल. दाराला कडी आहे ना अजून? असली तर लावत जा.

तू गौरी-गणपती उरकून गेलीस तो दिवस मी पुष्कळदा आठवतो. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, मला भांडण कळतं. तू सरळ कपाटाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्यास आणि सांगितलंस की गेल्या मंगळवारी भाविकसाठीचा उपास विसरलीस, चुकून दोन घास भात खाल्लास आणि मग दिवसभर त्याची वाट बघत बसलीस. संध्याकाळी भाविक नेहमीसारखा घरी आला. तेव्हा तुझ्या लक्षात आलं म्हणे, की तीस वर्षांत तू एकदाही देवापुढे काही न मागता बसली नाहीस. मंगळवार मुलासाठी, गुरुवार गोडाऊनसाठी, शनिवार माझ्यासाठी. मी हसलो. म्हटलं, मग आता काय मागायचंय? तू म्हणालीस,

"मना देव पायजे. वॉचमन नको."

आणि बापाने तुझ्या नावावर ठेवलेल्या त्या चौदा गुंठ्यांवर, खारबावच्या पुढे, एका खोलीत जाऊन राहिलीस. शेजारी आदिवासी पाडा, मागे खाडी. गावात मी सांगितलं की माहेरची शेती बघायला गेलीय. गाव मूर्ख नाही, पण माझ्या तोंडावर मान डोलवतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हापासून तुझे तिन्ही उपास मी धरले. हसू नकोस. तू उपास सोडलेस आणि मला प्रश्न पडला, की हे घर आता कशावर उभं आहे? पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागलो. भाविकला फोन लागला नाही की पुन्हापुन्हा लावत बसायचो. देव माझ्या ओळखीचा नाही, तुझ्या ओळखीचा. तूच मध्ये होतीस म्हणून मी निर्धास्त होतो. पण मला उपास जमत नाहीत. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी अंजूरफाट्यावर उभ्याउभ्या ऑम्लेटपाव खाल्ला, अर्धा संपल्यावर वार आठवला. हातातला तुकडा टाकायचं धाडस होईना आणि गिळायचंही होईना. साठीला आलेला माणूस, लोक बघत होते.

असो. आता मुद्द्याचं लिहितो.

काल दिनेश आला होता. आपल्या तीन नंबरला माल उतरवतो तो, तुझ्या शेजारच्या बुधीचा मुलगा. चार दिवस ड्युटीवर नव्हता, मी रागवायच्या तयारीत होतो. त्यानं जे सांगितलं ते तुला माझ्याआधी माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

गेल्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी तुझ्या उंबऱ्यावर करणीचं लिंबू होतं. उभं चिरलेलं, कुंकू भरलेलं, टाचण्या टोचलेलं, काळ्या दोऱ्यानं बांधलेलं. तू भाजी आणायला स्टेशनाकडे गेली होतीस. बुधी रोजच्यासारखी तुझ्याकडे चहाला आली, तिनं ते पाहिलं, उचललं आणि खाडीत टाकायला निघाली. वाटेत बांधावर तिथलाच देवेश उभा होता. त्यानं बुधीच्या हातात लिंबू पाहिलं. शुक्रवारी त्याच्या क्षितिजाला ताप चढला. मुलगी सात वर्षांची. डॉक्टर म्हणाले डेंग्यू. लोक म्हणाले, डेंग्यू आला कुठून ते बघा.

आणि आता रविवारी सकाळी दहा वाजता बुधीला देवळासमोर बोलावलंय. वरच्या गावातून एक भगत, करणी उतरवणारा, येणार आहे. तो विचारणार आणि बुधीनं करणी केल्याचं कबूल करायचं. नाही केलं तर काय, ते दिनेशनं सांगितलं नाही. मंगळवारी तिच्या झोपडीची कुडाची भिंत कुणीतरी मोडली, तेव्हापासून तू तिला आपल्या खोलीत घेतलंयस. तुलाही दोनदा सांगून गेलेत की तिला बाहेर काढ, नाहीतर तुझंही बरं होणार नाही.  

आज जेवताना भाविकपाशी विषय काढला. पोरगा हुशार आहे, त्यानं दोन मिनिटांत मार्ग काढला. म्हणाला, बुधीमावशीला इकडे गोडाऊनवर खोली देऊ, मम्मीलाही त्याच गाडीत घेऊन येऊ, पोरीच्या औषधपाण्याचं आपण बघू, म्हणजे विषय संपला. मला इतकं हलकं वाटलं की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. लगेच दिनेशला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"शेठ, मी बोललू आईला. ती बोलते, मी पलाले तर ते खरं होईल."

आता पुरे करतो. उरलेलं उद्या लिहीन.

शनिवार, सकाळ

कमळे, ते लिंबू मी ठेवलं.

काल चार पानं लिहिली आणि हे एवढं लिहायचं टाळलं. सुकट लिहिली, कॅमेरे लिहिले. मला वाटलं होतं, भाविकचा मार्ग तुला कळवला की हे लिहायची गरजच पडणार नाही. पण ती म्हातारी पळणार नाही म्हणते, मग माझ्यापुढे वाट राहत नाही.

कसं केलं ते सांगतो. लिंबू घरातलंच, पूर्वीनं सरबतासाठी आणलेल्यातलं. कुंकू देव्हाऱ्यातलं. टाचण्या ऑफिसातल्या, मालाच्या चलनांना लावायच्या, सात मोजून घेतल्या. दिनेशच्या बोलण्यातून तू आठच्या सुमाराला भाजीला जातेस हे कळलं होतं. तू गेल्यावर लिंबू ठेवलं आणि रेल्वे फाटकाजवळच्या टपरीवर चहा घेत बसलो. माझा बेत असा, की तू परतल्यावर ते बघशील, घाबरशील, पिशवी उचलून रिक्षा शोधत फाटकावर येशील. मी सहज दिसल्यासारखा दिसेन आणि म्हणेन, चल घरी. तासभर बसलो, तीन चहा झाले. तू आली नाहीस. येणार कशी, तुझ्या नजरेसही पडू नये म्हणून बुधीनं ते आधीच उचललं होतं.

घरी आलो तेव्हा आपल्या गेटवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात मीच आत येताना दिसलो. मान खाली, हात खिशात. असा माणूस मी वॉचमनला आत सोडू दिला नसता.

मी स्वतःला सांगत होतो की तुझ्या काळजीपोटी करतोय. एकटी बाई, खाडी, साप, वाटेवर दिवे नाहीत. ते खोटं आहे. तुझ्या वाडीत तुला कसलाच धोका नव्हता, मी जाईपर्यंत. मला माझी भीती वाटत होती. तू कडी न लावता, काही न मागता राहतेस आणि तुला काही होत नाही, हे मला सहन होईना. तुला काही होत नसेल तर मी जन्मभर कुलपं कसली लावली? तू घाबरून परत आलीस की माझं बरोबर ठरलं असतं.

आणखी एक. क्षितिजाला ताप आला हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? लागलं की काय, असं आलं. स्वतः चिरलेलं लिंबू, स्वतः भरलेलं कुंकू, त्यात काही नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी ते ठेवताना हाताला रुमाल गुंडाळला होता. घरी येऊन साबणानं दोनदा हात धुतले आणि रुमाल कामतघरच्या तलावाजवळ टाकायला मुद्दाम गाडी काढली. आणि बुधी? तिचा त्या लिंबावर पुरता विश्वास. दिनेश सांगत होता, ती म्हणाली, कमळाचा पाय पडण्यापेक्षा माझा हात लागूदे. तिनं उघड्या हातानं उचललं. आपल्यावर येईल हे समजून उचललं. मी काल हे लिहिताना तिथे नुसतं 'उचललं' लिहून पुढे गेलो, कारण मला थांबायची लाज वाटली.

तू म्हणत होतीस ते मला अजून नीट कळत नाही. देव असा नुसता भेटतो का, काही न मागता, ते मला माहीत नाही. मी आज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसून पाहिलं. एक मिनिट झालं नसेल, तोंडातून आपोआप निघालं, 'रविवारी मला सांभाळ.' मग उठलो.

आता रविवारचं सांगतो.

मी येणार आहे. भाविक नको म्हणतो. म्हणतो, पप्पा, पोलीस केस होईल, कायदा आहे. होऊ दे. मंदिराच्या समितीवरून काढतील, पाटीवरचं नाव पुसतील. भावकी हळदीला बोलावणार नाही. जन्मभर मला लिंबूशेठ म्हणतील, मी आपल्या लोकांना ओळखतो. हे सगळं मी काल अंथरुणावर पडल्यापडल्या मोजलं आणि प्रत्येक गोष्टीची मला भीती वाटते. एकीचीही कमी झालेली नाही. पण तिकडे एक बाई उद्याची वाट बघत बसलीय आणि पळत नाही.

तरी मला माझा भरवसा नाही. देवळासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, की माझी जीभ फिरणार. मी म्हणेन, कुणीतरी चावटपणा केला असेल, जाऊ द्या, पोरीच्या उपचाराचं मी बघतो. लोक खूश होतील, मला खुर्ची देतील, आणि बुधी तशीच राहील, उद्या सुटली तरी पुढच्या तापाला पुन्हा तिलाच धरतील. असं गोड बोलून मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी मिटवल्या आहेत. म्हणून तोंडावर न सोडता लिहून दिलं.

दिनेश खाली आपल्या गेटपाशी उभा आहे. तो दहावीपर्यंत शिकलाय, वाचतो चांगलं. हे पत्र मी चिकटवणार नाही. त्याला सांगितलंय, काकूला आधी देऊ नको, उद्या देवळासमोर सगळे जमले की पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच, मधलं काही गाळू नको. काल लिहिलेली पानं मी फाडणार होतो. त्यात आपलं घरातलं आहे, उपास आहेत, ऑम्लेट आहे. मग वाटलं, निवडून दिलं तर पुन्हा मीच माझी राखण केल्यासारखं होईल. असूदे.

म्हणजे कमळे, तू हे वाचत नाहीयेस. ऐकते आहेस. बुधी तुझ्या शेजारी बसली असेल. मी डाव्या बाजूला कुठेतरी उभा असेन. नसलो, तर माझी गाडी रेल्वे फाटकावर थांबली आहे का बघायला माणूस पाठव आणि मला ओढून आण.

देवेश, तुझ्या पोरीला डासानं ताप आला. बुधीच्या हातात तू पाहिलंस ते लिंबू माझं होतं, माझ्या बायकोला भिववण्यासाठी होतं. ज्याला विचारायचं असेल त्यानं मला विचारावं. भगताला आल्या वाटेनं परत पाठवा. बुधीबाई, मी तुमच्या पाया पडायला आलो आहे. तुम्ही नको म्हणालात तर तेही बरोबर आहे.

कमळे, तू परत ये, असं मी शेवटी लिहिलं होतं. ते खोडलंय. दिनेश, खोडलेलंही वाचून दाखव.

इथे सगळ्यांसमोर उभा असलेला, फार घाबरलेला,
तुझा काळूराम