बाबांना शिकवलेली वेणी

दीदी, माझ्या बाबांमध्ये तुम्हाला असं काय दिसलं होतं, जे आम्हा घरच्यांनाही दिसत नव्हतं? तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आता मी तुमचंच काम करते: ज्या घरात लेकरांना मार पडतो, त्या घरी जाऊन बसायचं. घरातली मी पहिली बी.ए.; पण हे काम मी पहिल्यांदा पाहिलं ते घमापुर मोहल्ल्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, लहान असताना.

बाबा तोफांच्या फॅक्टरीतून तापून यायचे आणि हात माझ्यावर पडायचा. विहारातल्या मोठ्या माणसांनी एकदा त्यांना सगळ्यांसमोर उभं करून झापलं. बाबा मान खाली घालून घरी आले आणि मला आणखी मारलं. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आलात. आई तुमच्यासाठी खुर्ची पुसते आहे, आणि तुम्ही सरळ आत येऊन तिच्या जागी पोळ्या लाटायला बसता. लाटता लाटता दारातल्या बाबांना विचारता, "भाऊ, हिची वेणी कोण घालते?"

"तिची आई. आणखी कोण?"

"आजपासून रविवारी तुम्ही घाला. मी पाहायला येत जाईन."

मला वाटलं, बाबा तुम्हाला हाकलून देतील. त्यांनी फणी घेतली. मी डोळे गच्च मिटून बसले. केस त्यांनी असे आवळले, की तुम्ही म्हणालात, "हळू, भाऊ. लेकरू आहे, तोफ नाही." आई हसली. पुढे शेजारचे काका टोमणा मारायचे, "काहो, पार्लर उघडून राहिले का?" बाबा चिडायचे, पण वेणी पुरी करायचे. मार काही एका दिवसात थांबला नाही. पुन्हा हात उठला तेव्हा तुम्ही मला आणि आईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला, आपल्या घरी नेऊन ठेवलंत, आणि त्यांचा हात थांबेपर्यंत बाबांकडेही जात राहिलात. ज्याच्यापासून आम्हाला वाचवलं, त्यालाही तुम्ही सोडलं नाही. हे आठवलं की मी अजून थक्क होते.

सध्या माझ्याकडे असंच एक घर आहे. मुलगी मावशीकडे ठेवली आहे. ती परत यावी की नाही, हे तिचा बाप बदलतो का, यावर ठरायचं आहे. तो माझ्याशी बोलतच नाही. "बिटिया, तुम अभी खुद बच्ची हो," एवढंच म्हणतो. मी तिथे पोळ्याही लाटून पाहिल्या. शेवटी बाबांना विचारलं, याल का. ते म्हणाले, "काय सांगू त्याला?" मी म्हटलं, जे झालं ते.

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना विचारून काल मी बाबांना स्कूटीवर बसवून नेलं. ते त्या माणसाशेजारी बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मैं इसको मारता था." मला हे ते आजवर कधी म्हणाले नव्हते. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: पुढचं ऐकायची माझी हिंमत झाली नाही. त्या दोघांना बोलत सोडून मी बाहेर निघून आले.