साहेबांच्या कुंडीतला पिंपळ

देवास, रविवार, ता. १० मे १९५३
दुपारचे पावणेतीन (बिस्किटांच्या डब्यातल्या वाळूवर ओले फडके पसरून झाल्यावर लगेच)

तीर्थस्वरूप दत्तामामांस भास्करचा साष्टांग नमस्कार. धारेस उकाडा कसा आहे? मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी ठीक आहे, म्हणजे जेवतो.

आपले कार्ड पोचले. आपण दरबारच्या बागेत वीस वर्षे काढली, म्हणून आपल्यालाच विचारले. आमचे साहेब रजेवर जाताना आपली विलायती कुंडी माझ्या हवाली करून गेले. (झाडाचे नाव फिलोडेंड्रॉन. साहेबांकडून कागदावर लिहून घेतले आहे.) "भास्कर, चौथे दिन पानी, बस," एवढेच म्हणाले, आणि जाता जाता, परत आल्यावर माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही करू, असेही म्हणाले. ते पंचवीस तारखेला येतात. मी कुंडी घरमालकीण यमुनाबाईंच्या पडवीत सावलीला ठेवली आणि भिंतीवर खडूने वार लिहिले.

आता अधिक वैशाख. यमुनाबाई आणि त्यांची सून बकुळा यांनी महिनाभर पिंपळाला पाणी घालायचे व्रत धरले. पिंपळ तलावापाशी, लांब. ऊन हे असले. कुंडीतल्या झाडाची पाने मात्र पिंपळासारखीच बदामाकृती, टोकदार. पडवीतच देव आला, असे दोघींनी ठरवले आणि पहाटे न्हाऊन, मी झोपेत असताना, तांबे ओतू लागल्या. मला माती रोज ओली दिसे, म्हणून मी माझे पाणी बंदच केले. पाने पिवळी पडली. यमुनाबाई म्हणाल्या, "तहानलाय बिचारा," आणि तांब्याच्या जागी घागर आली. गेल्या सोमवारी मी खोड जरा हलवून पाहिले, तर झाड अलगद हातात. मुळे नाहीत. खाली काळा चिखल आणि वास.

आपण लिहिल्याप्रमाणे कुजका भाग विळीवर कापीत होतो, इतक्यात यमुनाबाई आल्या.

"अरे मेल्या, पिंपळ चिरतोस? अधिकात?"

"मावशी, हा पिंपळ नव्हे."

"मग पंचवीस दिवस आम्ही पाणी कुणाला घातलं?"

मी विळी मिटून ठेवली. (याचे उत्तर आपल्याला सुचल्यास कळवावे.) शेवटी तोड निघाली ती अशी की दोघी रिकाम्या कुंडीला पाणी घालतात आणि झाड माझ्या खाटेखाली वाळूत आहे. कापाला राख लावली. दिवसातून सहा वेळा बघतो. फार थकलो आहे.

आपला,
भास्कर

ता. क. खरे काम असे: आपण दोन पत्रे लिहावीत. एक यमुनाबाईंना, की हा पिंपळाचाच विलायती भाऊ; दुसरे साहेबांना, की याचा पिंपळाशी संबंध नाही आणि मे महिन्यात मुळे जाणे हा या जातीचा स्वभावच आहे. दोन्ही एका दिवशी टाकू नयेत.

ता. क. २. पाकीट चिकटवणार होतो, तोच बकुळा सांगून गेली की सासूबाई पहिल्या दिवसापासून एक तांबा जास्त घालतात, माझी नोकरी कायम व्हावी म्हणून. तरी साहेबांचे पत्र आपल्याला जमेल तसे लिहा. यमुनाबाईंना मात्र नुसता पिंपळच लिहा, भाऊबीऊ नको.