चढाला सायकल फुकट

ती. आईच्या पायावर साताऱ्यातनं डोकं ठिवतो.

आये, मी झ्याक हाय. गुडघं तेवढं कुरकुरत्यात. एका साहेबांच्या भाड्याच्या सायकलींवर कामाला लागलोय. आपली सांगली सपाट, पर हितं लोक सायकलवर उतार उतरत्यात, ती खालीच सोडत्यात आन् वर येताना रिक्षा धरत्यात. मग समद्या सायकली मीच वर ढकलायच्या! धंदा बंद पडायची येळ आली व्हती.

परवा लष्करभरतीची तयारी करणारी पोरं म्हनली, "दादा, चढाला आमाला द्या, पाय तयार हुत्याल." साहेबांनी चढाचं भाडं माफ केलं.

आता सायकली आपसूक वर येत्यात. साहेब म्हनले, "मग तुझं काम काय?"

मी शिट्टी वाजवली. "पोरांचा वस्ताद हाय की!"

साहेब हसले, नोकरी टिकली.

म्हस व्याली का? मी येळेवर जेवतो, खरंच.

तुजा विश्वजीत