आभारांचे कलम

५ जानेवारी १९५८, रविवार
संकल्प. वार्षिक सभेत ‘गणिताचा पाया’ यावर व्याख्यान द्यायचे आणि गणित मंडळाचे अध्यक्षपद घ्यायचे. अकरा वर्षे चिटणीस आहे, पुरे झाले. युरोपातल्या पंडितांना पन्नास वर्षांपूर्वी गणिताच्या मुळाशीच विसंगती सापडली आणि ते अजून घाबरलेले आहेत. निव्वळ गलथानपणा. व्याख्या नीट लिहिल्या की विसंगती येत नाही.

९ जानेवारी
पुरावा म्हणून मंडळाची नियमावली नव्याने लिहिली. गेल्या वर्षी हिंदुरावने खुर्च्या मांडल्याबद्दल भर सभेत स्वतःचेच आभार मानले. वर मीही मानायचे?
कलम सात: स्वतःचे आभार स्वतः न मानणाऱ्या प्रत्येक सभासदाचे आभार चिटणीस मानतील. मानणाऱ्याचे मानणार नाहीत.
कलम आठ: आभार पूर्ण झाल्यावरच अध्यक्षांची निवड. (नाहीतर लोक आभार न ऐकता वड्यांकडे पळतात.)

१८ जानेवारी
व्याख्यान: शून्य पाने. सौ. मंदाकिनीने गहू निवडायला बसवले. नव्या सभासद सुनीतीबाईंनी नियमावली वाचून हसत परत केली. कलम सात फार आवडले म्हणाल्या. समज बरी दिसते.

३१ जानेवारी
दीड पान. पुरे. सुनीतीबाई म्हणतात, अंकगणित स्वतःच्या निर्दोषपणाची हमी स्वतः देऊ शकत नाही, असे व्हिएन्नातल्या एकाने १९३१ सालीच सिद्ध केले. त्याच साली मी मॅट्रिक झालो. मला कुणी कळवले नाही.

२ फेब्रुवारी, रात्री आठ
व्याख्यान उत्तम. सव्वीस सभासद, निम्मे जागे. हिंदुराव वगळून चोवीस जणांचे आभार मानले. बसणार तोच सुनीतीबाईंनी विचारले, चिटणीस स्वतःचे आभार मानणार का? म्हटले, छे, मी हिंदुराव नाही. मग कलम सातप्रमाणे मानायलाच हवेत, म्हणाल्या. तोंड उघडले. तर म्हणाल्या, मानलेत की आपण मानणाऱ्यांत गेलात, आता मानता येणार नाहीत. अर्धा तास उभा होतो. हिंदुराव म्हणाला, वडे गार व्हायला लागलेत. सगळे गेले.

४ फेब्रुवारी
वड्यांपाशीच निवड उरकली म्हणे. अध्यक्ष सुनीतीबाई, चिटणीस हिंदुराव. नियमावली एकमताने रद्द. बाई कपटी आहे, बाकीचे मेंढरे आहेत. कोर्टात जाणार.

५ फेब्रुवारी
मंदाकिनीने विचारले, इतकी वर्षे तुमचे आभार कोण मानायचे? म्हटले, असेल कुणीतरी, कोर्टात तीच प्रथा दाखवतो. अकराही वर्षांची इतिवृत्ते चाळली. पाहुण्यांचे आभार आहेत, शाळेच्या शिपायाचे आहेत, सतरंज्या देणाऱ्या मंडपवाल्याचे दोनदा आहेत.
चिटणीसांचे कुठेच नाहीत. अक्षर सगळे माझेच आहे.