बाटलीतला कापूस

३ फेब्रुवारी

काय वहीबाई, विसरलीस ना? काल एवढा घसा कोरडा करून बोलले, आणि आज बघते तर तू कोरी! भिंगरी म्हणते, "आजी, पेनातली शाई संपली होती. तू रंगात आली होतीस, मी नुसती मान हलवत बसले." म्हणजे विसरभोळी तू, आणि नाव म्हातारीचं!

तर पुन्हा सांगते. भिंगरी माझ्या लेकीची लेक. अठरा वर्षांची, पुठ्ठ्याची खोकी चिकटवायच्या कारखान्यात जाते. एचआयव्ही तिला आईच्या पोटातूनच मिळाला. आई गेली, भिंगरी राहिली – सकाळी आठच्या त्या एका गोळीच्या जिवावर. तिच्यासारख्या पोरापोरींचा दर शनिवारी गट भरतो. तिथल्या दीदीने ही वही दिली. ती स्वतःही लहानपणापासून त्याच गोळ्या घेते. म्हणाली, "आजी, मनात साठवू नका, वहीत ओता." मला अक्षर येत नाही. मी ओतते, भिंगरी लिहिते. आणि रोज शेवटी एक ओळ, हा माझा नियम. लिही गं –

गोळी – घेतली.

४ फेब्रुवारी

आज जीव जायचा राहिला! शेजारची मावशी झाकलेली वाटी घेऊन आली. रोजच येते, भिंगरीसाठी काहीतरी करून आणते, बारा वर्षांत चुकली नाही. आणि दारातच विचारते, "आठ वाजले की तुमच्याकडे खुळखुळ कसली वाजते हो?"

म्हटलं, "माझे दात! डबीत ठेवते ना." आता माझे दात जागच्या जागी आहेत आणि तिला ते दिसतायत! मावशी वाटी ठेवून गेली.

बाटलीवरचा कागद मी आणल्या दिवशीच खरवडते. आज आत कापूस कोंबला, चांगला दाबून. हलवून बघितली – मुकी! भिंगरीला म्हटलं, "बघ तुझ्या आजीचं डोकं." ती हसली नाही.

गोळी – घेतली.

५ फेब्रुवारी

कापूस झकास. भिंत ऐकते तर ऐकू दे.

गोळी –

७ फेब्रुवारी

भिंगरी ताटातलं नुसतं चिवडत बसली. "काय झालं?" तर म्हणे, "डिंकाचा वास डोक्यात चढलाय." रोज तोच डिंक, आजच बरा चढला!

गोळी –

११ फेब्रुवारी

गटाची एक रीत आहे. सकाळी आठला एकाने दुसऱ्याला फोन करायचा, बोलायचं नाही, बाटली हलवून ऐकवायची. ऐकली की दुसऱ्याने तिसऱ्याला. आज भिंगरीचा फोन वाजला, तिने पालथा घातला. "उचल की!" "काय ऐकवू, आजी? कापूस?"

बोलणं झोंबलं. पण मावशीला कळलं तर? मग चाळीला, मग कारखान्याला. मला वाचता येत नाही, पण माणसं कशी पाठ फिरवतात ते पाहिलंय. लेकीच्या वेळी पाहिलंय.

गोळी –

१६ फेब्रुवारी

शनिवार. भिंगरी गटाला गेली नाही. वाद नको म्हणून मी विचारलं नाही.

गोळी –

२३ फेब्रुवारी

आज दीदीच्या हातून लिहितेय.

दुपारी एकटीच होते. तुला उघडून बसले, वहीबाई. चित्रं बघावीत तशी पानं बघत होते. मला अक्षर कळत नाही, पण लांबी कळते! शेवटची ओळ – पहिल्या दोन दिवशी दोन बोटं लांब. पुढे सगळीकडे एकच बोट.

बाटली काढली, कापूस उपसला. महिन्याची बाटली, तळ दिसायला हवा होता. गोळ्यांवर गोळ्या!

दीदीला बोलावलं. तिने वाचलं, म्हणाली, "आजी, पुढे काही लिहिलेलंच नाही. खोटं लिहवलं नाही तिच्याने."

भिंगरी कामावरून आली तेव्हा बाटली मधोमध ठेवली होती. मी ओरडले. खूप. मरायचंय का, म्हणाले. ती म्हणाली, "त्या दिवशी तू मावशीला किती घाबरलीस, आजी. दातांचं खोटं बोललीस. मला वाटलं, एवढं वाईट आहे हे, तर गिळायचं कशाला रोज?"

मी कापसाचा बोळा पदरात बांधला.

दीदी रागावली नाही तिला. म्हणाली, "मीही एकदा सोडली होती, चार महिने." दोघी बाटली घेऊन बसल्या. दीदीने डॉक्टरांना फोन लावला. आजची लगेच घ्या, म्हणाले, परवा रक्त द्या.

गोळी – घेतली. (मी डोळ्यांनी पाहिली.)

२ मार्च

अहवाल आला. विषाणू वाढलाय.

डॉक्टर म्हणाले, औषध तेच, तीन महिन्यांनी परत तपासू. "पण पुन्हा खंड पडला, तर हेच औषध चालेनासं होईल."

तीन महिने! मी श्वास कुठे ठेवू तोवर?

गोळी – घेतली.

४ मार्च

भिंगरी म्हणाली, "घेईन रोज. पण कापूस पुन्हा नको. आणि मावशीला मी सांगणार."

मी हो-नाही करत होते. दीदी म्हणाली, "गुपित तिचं आहे, आजी. तुमचं नाही." मग दारातून बाजूला झाले.

भिंगरी एकटी गेली. मी भिंतीला कान लावून. पोरीचा आवाज आला, सरळ, न अडखळता. मावशीचा आलाच नाही. मग दार लागल्याचा आवाज.

गोळी – घेतली.

५ मार्च

वाटी आली नाही.

गोळी – घेतली.

८ मार्च

आजही नाही. भिंगरी आठला फोनवर बाटली हलवते, चांगली जोरात, आणि दाराकडे बघते. मी बघत नाही असं दाखवते.

गोळी – घेतली.

१० मार्च

गोळी – घेतली. हे आधी लिही, आज मला धीर नाही!

बाटली खुळखुळली आणि दारात मावशी. कमरेवर हात. "पाच दिवस रुसले होते! तुमच्या लेकीच्या वेळेपासून भिंतीतून हा आवाज ऐकतेय, कशाचा ते तेव्हाच कळलं होतं. विचारलं ते तुम्ही एकदाचं सांगाल म्हणून, तर म्हणे दात! आणि मग आवाजच बंद झाला. मला वाटलं, पोरीचं..." पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या काय पाठवू?"

म्हटलं, दोन अंडी पाठव, कडक उकडून. एक केळं, फार पिकलेलं नको. आणि वाटीवर झाकण ठेवू नकोस.