व्हॅक आमच्या मोगरीतून निघाला

६ जानेवारी २००३
विहीणबाई अजून गेल्या नाहीत. नागपूरहून चार दिवसांसाठी आल्या, बावीस झाले. त्या रिटायर इंग्रजी टीचर, मी चौथी पास. पण आज देवानं ऐकलं. नात पूर्णिमाच्या शाळेत शनिवारी कार्यक्रम. पोरानं एक इंग्रजी शब्द सांगायचा, कुठून आला, अर्थ काय, अन् घरचं एकच म्हातारं माणूस स्टेजवर न्यायचं. पोट्टीले शब्द मिळाला व्हॅक. म्हणजे हाणणं. हाणण्यातलं माझ्यापेक्षा कोणाले जास्त समजते? तात्यापाऱ्याच्या जुन्या घरी होतो तेव्हा तीस वर्षं मोगरीनं कपडे धोपटले.
मीच जाईन. ठरलं.

७ जानेवारी
विहीणबाई डिक्शनरी घेऊन बसल्या. म्हणे, मार लागल्यावर जसा आवाज येतो त्यावरून शब्द झाला असावा, आधीचा थ्वॅक होता, त्याचाच हा भाऊ. अर्थ फटका, शिवाय प्रयत्न, शिवाय वाटा. एका शब्दावर तीन कामं! इंग्रज भारी कंजूष. मी म्हटलं, आवाजावरूनच झाला ना, मग तो आमच्या मोगरीचा. साहेब लोक नदीवर धोबी पाहून शिकले. विहीणबाई म्हणाल्या, "गोदावरीबाई, पुरावा?" इतकं गोड म्हणाल्या की हात शिवशिवला.
पूर्णिमा इथल्या हिंदीत म्हणे, "दादी, करके दिखाओ न."

८ जानेवारी, सकाळी
आंगणात दगडावर प्रयोग. ओली चादर: धप. टॉवेल: फट. लेक सुशीलची ऑफिसची पँट: आवाज नाही, बटन गेलं. पोट्टी वहीत लिहून राहिली होती, काय हसली! तिले मीच पायजे, दिसूनच राहिलं. सून राधा खिडकीतून म्हणे, "आई, घरात मशीन आहे." मशीन काय व्हॅक म्हणते?

९ जानेवारी
सापडला! विहीणबाईंची कोशाची रेशमी साडी, कोरी, शनिवारसाठी घेतलेली. नवं कापड एकदा पाण्यातून काढावंच. चार घड्या केल्या, जोर लावला: व्हॅक! साफ इंग्रजी. तिसऱ्या फटक्याले पदर फाटला. माल कच्चा.
विहीणबाई दार लावून बसल्या. बरंच झालं. साडीच नाही तर स्टेजवर काय नेसतील? मी माझी जांभळी इरकली काढून ठेवली.

१० जानेवारी
सुशील म्हणे, "आई, काहून केलं असं? माफी माग." नातीच्या अभ्यासासाठी केलं, माफी कायची? मागीन, पण कार्यक्रम झाल्यावर. राधा बोलून नाही राहिली. थकली असेल. जांभळी दिसेना. प्रेसवाल्याकडे दिली असेल कोणी.

११ जानेवारी
जांभळी विहीणबाईंच्या अंगावर. राधानंच दिली, भरपाई म्हणे. त्या पूर्णिमासंगं ऑटोनं पुढं गेल्या. मी मागून सायकलरिक्षा केला, मोगरी पिशवीत. पोट्टी ऐनवेळी मलेच बोलावणार.
हॉलच्या दारात मॅडमनं अडवलं. एका बच्चेके साथ एकच, पूर्णिमाकी दादी तो अंदर आ गई. मी म्हटलं, दादी मी, ते नानी. मॅडमनं पूर्णिमालेच बोलावलं, विचारलं, ये कौन हैं? पोट्टीनं आत बसलेल्या नानीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पिशवीकडं. म्हणे, "ये भी हमारे घर में रहती हैं."
खोटं नाही बोलली.