उत्तर न दिलेल्या तीन मेल

चितेगाव,
१४ मार्च २०२६

प्रिय नवाब,

सलाम. शहजादीभाभींचा गुडघा आता कसा आहे? इथं ऊन लई तापलंय. आमच्या राजनंदिनीची बारावीची परीक्षा चालू आहे. "नवाबचाचा हल्ली का नाय येत?" असं तिनं दोनदा विचारलं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय.

आपल्या पॅकिंगमधला सोमनाथ सांगत होता, तू गुलमंडीत भावाच्या दुकानात कापड मोजतोस. वीस वर्षं बोल्ट तपासलेले हात ते.

आपला बोल्टचा कारखाना अर्धाच चालतो. जर्मनीची ऑर्डर गेली ती गेलीच.

युरोप लोखंडी मालावर, तो बनवताना होणाऱ्या धुरापोटी, कार्बनचा कर लावणार, हे कळलं त्या दिवशीचं बोलणं आठवतं? तू म्हणालास, "बद्री, भट्टीत तेल किती जळतं ते मोजू, त्यांना कळवू." मी हसलो. म्हणालो, "हवामान करारात लिहिलंय, ज्यांनी आधी धूर केला त्यांनी आधी आवरायचं. आपल्याला मुदत हाय. व्यापाराच्या नियमात हा कर टिकायचा नाय."

"करार सरकारचा हाय रे. गिऱ्हाईक तो अपना है ना?" तू म्हणालास.

आता खरं लिहितो. जर्मनीवाल्यांनी तेलाचे ते आकडे तीनदा मागितले होते. तिन्ही मेल मी तुझ्यापासून लपवल्या. उत्तर दिलं म्हणजे कर कबूल केला, असं मला वाटायचं. आकडे दिले नाहीत की ते कार्बन जास्तीत जास्त धरतात, कर तेवढाच वाढतो. आपला माल महाग पडला, त्यांनी दुसरा कारखाना धरला.

आणि ऑर्डर का गेली, असं तू विचारलंस, तेव्हा सगळ्या कामगारांसमोर मी म्हणालो, "तू पास केलेल्या मालात खोट निघाली."

तू बोल्ट मापायचं गेज हातात धरून तसाच उभा राहिलास. "मेरी नजर गई होगी," एवढंच म्हणालास. दुसऱ्या दिवशी भागीदारी सोडलीस.

कराबद्दलचं माझं म्हणणं अगदीच चूक होतं, असं अजूनही वाटत नाही. पण ते भांडण युरोपाशी होतं. त्यांच्यापुढं तोंड उघडलं नाही, आणि तुला खोटं पाडलं.

काल कामगारांना सगळं सांगितलं. भट्टीवरचा कडुबा तेवढा उठून बाहेर गेला. तिन्ही मेल छापून सोबत जोडल्यात. भावाला दाखव, भाभींना दाखव.

परत ये म्हणायला तोंड नाही. पण तू डोळ्यांच्या डॉक्टरकडं खेटे घालतोयस, असं ऐकलं. नको जाऊस, नवाब. तुझे डोळे चांगले आहेत.

तुझा अपराधी,
बद्रीनाथ